ओढणारा पंखा

मारुतराव काळोखे धम्मरत्नच्या दुकानात पहिल्यांदा आले ते हातात पेटत्या उदबत्त्यांची मूठ धरून. त्या दुपारी कासारवाडीच्या पुलाखाली जो धूर झाला त्याबद्दल तिथल्या लोकांचं अजून एकमत नाही. समोरचा चहावाला सांगतो, धूर इतका होता की पुलावरच्या गाड्यांनी भर एप्रिलच्या उन्हात दिवे लावले. शेजारचा झेरॉक्सवाला शपथेवर सांगतो, की पेन ड्राइव्ह घ्यायला आत शिरलेली एक बाई बाहेर आली ती संसारातून मन उडालेली अशी, आणि पेन ड्राइव्ह न घेताच देहूच्या दिशेने चालू लागली. तो धूर बघता बघता लोणावळा गाडीच्या गार्डची शिट्टी वाजवायची राहून गेली, ही बातमी मात्र खुद्द धम्मरत्नने पसरवली आहे, आणि ती तो दर वेळी थोडी वाढवून सांगतो.

खरं होतं ते एवढंच. साठी ओलांडलेला एक उंच माणूस दुकानात शिरला. डोक्याला पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा, आणि पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला त्याने रीतसर हात जोडले. धम्मरत्नला वाटलं, आता उदबत्ती फोटोला लागणार. तर हा गृहस्थ वळला आणि दर्शनी मांडलेल्या सगळ्यात महागड्या कॅबिनेटसमोर उकिडवा बसला.

कॉम्प्युटरचे सगळे अवयव ज्या उभ्या डब्यात बसवतात त्याला धंद्यात कॅबिनेट म्हणतात. हे कॅबिनेट धम्मरत्नच्या दुकानाची शान होतं. पुढून काच, बाजूने काच, आत रंग बदलत फिरणारे पंखे. वरातीतल्या घोडीलाही इतकं सजवत नाहीत. मारुतरावांनी उदबत्त्या त्याच्या नाकाशी धरल्या. पंखे फिरत होते, हिरव्याचे जांभळे होत होते, आणि धूर काचेला अंग घासत सरळ छताकडे निघून जात होता.

"ह्ये मेलंय," मारुतराव म्हणाले.

"काका, चालू आहे की ते. लाइट बघा ना."

"लाइट सरणापाशी बी आसतो. श्वास कुठाय?"

धम्मरत्नचं अर्धं आयुष्य या धंद्यात गेलं होतं. गिऱ्हाइकांनी त्याला वॉरंटी विचारली होती, हप्ते विचारले होते, काळ्या रंगात आहे का विचारलं होतं. श्वास कुणी विचारला नव्हता. त्या एका वाक्यावर त्याने चहा मागवला. तमाशा फुकट बघायचा नाही, एवढी रीत त्याला होती.

चहा पिता पिता कळलं ते असं, की मारुतराव पिंपरीतली सगळी दुकानं करून आले होते आणि त्यातल्या बहुतेकांनी त्यांना धुरासकट बाहेर काढलं होतं. कॉम्प्युटर त्यांना स्वतःला नको होता. भाग्यश्री नावाच्या मुलीला हवा होता. ती यंत्रांच्या भागांची डिझाइनं करते. हिंजवडीच्या एका कंपनीने तिला घरून काम करायला देऊन परीक्षेवर ठेवलं होतं. काम वेळेवर आलं तर नोकरी पक्की, नाही तर नमस्कार. ती राहते नेहरूनगरला, वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. तिथल्या उन्हाळ्यात तिचं आधीचं मशीन तापून तापून गेलं होतं.

"म्हंजी बग, मशीन बंद पडलं की पोरीची नोकरी गेली. डबा आसा पायजे की आत हवा खेळली पायजे."

"तुमची मुलगी का?"

"माझ्या दोस्ताची."

"मग ते नाही आले?"

मारुतरावांनी बोटाच्या पेराने काउंटरवर एकदा ठक केलं आणि धम्मरत्नकडे बघत राहिले. धम्मरत्नही बघत राहिला. त्यांनी परत ठक केलं. काहीच उमजेना तेव्हा धम्मरत्ननेही आपल्या बाजूने काउंटरवर एक ठक करून दिली. तेव्हा कुठे मारुतरावांचे खांदे खाली आले.

"त्यो न्हाई आता," ते म्हणाले.

पुढचे काही दिवस मारुतराव नेमाने येत राहिले. कॅबिनेट निवडणं हे काम चहाच्या एका कपात होतं. मारुतरावांनी मुलीसाठी स्थळ बघावं तसं ते लांबवलं. जे कॅबिनेट दिसायला देखणं असे त्याच्यावर त्यांचा आधी संशय. काच दिसली की कपाळाला आठी. "तोंडाला काच लावल्यावर माणूस काय नाकानं पानी पिईल का?" असं ते एकदा म्हणाले, आणि त्याचा अर्थ काय ते धम्मरत्न अजून शोधतो आहे. शेवटी गोदामात मागे पडलेलं एक काळं, बिनकाचेचं, दिसायला धान्य चाळायच्या चाळणीसारखं कॅबिनेट निघालं. पुढची सगळी बाजू बारीक जाळीची. मारुतरावांनी उदबत्ती धरली. पंख्यांनी धूर जाळीतून असा आत घेतला, जसं वासरू दूध ओढतं.

मारुतरावांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. मग ते मागच्या बाजूला गेले आणि हसू गेलं.

"हा मागचा पंखा काय करतो?"

"तो आतली गरम हवा बाहेर काढतो, काका. पुढून थंड आत, मागून गरम बाहेर."

"ह्यो उलटा बसव."

"उलटा?"

"ह्यानं बी आतच हवा घालायची. ओढणारा पंखा नको मला. आन वरची ही भोकं पट्टीनं बुजव. वरच्या वर पळती हवा, तळाला पोचत न्हाई."

धम्मरत्नने समजावलं. मग हात जोडले. मग चिडला. "काका, घरात सगळे आतच यायला लागले आणि बाहेर कुणीच गेलं नाही तर काय होईल?"

"एकत्र कुटुंब व्हईल," मारुतराव म्हणाले. "बसव."

गिऱ्हाइकाच्या मनासारखं करायचं, मग गिऱ्हाईक परत येतं, हा धम्मरत्नचा अनुभव होता. त्याने कॉम्प्युटरचे सगळे अवयव आत बसवले, पंखा उलटा लावला, वरची जाळी पट्टीने बुजवली. मारुतरावांनी खिशातून पिवळ्या पेंटचा मार्कर काढला आणि पंख्याच्या एकेका स्क्रूवर डोक्यापासून पत्र्यापर्यंत एक एक रेघ ओढली. चाकणच्या कंपन्यांत बोल्ट नीट आवळला की अशी रेघ ओढतात. बोल्ट कुणी नंतर जरासा जरी फिरवला तरी रेघ तुटते आणि चोरी कळते.

"रोज बगायला जानार हाय मी," असं सांगून ते रिक्षात बसले. कॅबिनेट मांडीवर होतं, आणि खड्डा आला की त्याच्यावर हात ठेवत होते.

धम्मरत्नला ते आवडून गेले होते. त्यांच्याबद्दल त्याने पुलाखाली इतकं गोळा केलं, की एखाद्याला वाटावं हा सोयरीक जुळवतो आहे. मारुतराव तळवड्याचे. वडिलोपार्जित जमीन कारखान्यांत आणि रस्त्यात गेली, तिच्या बदल्यात चाकणकडच्या कंपनीत मेंटेनन्सला नोकरी लागली, आणि ती त्यांनी निवृत्तीपर्यंत इमानाने केली. त्यांच्या घरात एकही खिडकी बंद होत नाही. कड्याच काढून टाकल्या आहेत. पावसाळ्यात ते कुटुंब घरातल्या घरात छत्री घेऊन फिरतं असं सांगतात. कपाटाच्या दारांना त्यांनी ड्रिलने भोकं पाडली, धान्याच्या कोठीला पाडली, आणि एकदा स्वतःच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणाला पाडली. त्या दिवशी आमटी सदऱ्यात उतरली.

पण त्यांचा खरा नाद ठकचा. त्यांच्या पत्नी विमलबाई न्हाणीघरात गेल्या, की मारुतराव दारावर एकदा ठक करणार. आतून ठक आली तर ठीक. विमलबाईंच्या तोंडाला साबण असला आणि ठक यायला उशीर झाला, तर मारुतराव दार खांद्याने उघडत. एकदा त्यांनी असं दार उघडलं तेव्हा ओट्यावर शेजारच्या बायका भाजी निवडत बसलेल्या होत्या. विमलबाई तेव्हापासून न्हाणीघरात पळी घेऊन जातात आणि अंघोळभर बादलीवर वाजवत राहतात. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, आत कुणाची तरी आरती चालू आहे.

आणि एकादशी. सारं तळवडे उपास धरतं आणि मारुतराव एकादशीला न चुकता भजी खातात. सवय म्हणून नाही, चव म्हणून नाही. भजी समोर घेऊन, औषध घेतल्यासारखी, एकेक संपवतात. धम्मरत्नच्या दुकानातही एका एकादशीला त्यांनी तशीच खाल्ली होती.

"काका, धर्म बुडवला तुम्ही," तो हसून म्हणाला होता.

"बुडला त्यो बुडला," मारुतराव म्हणाले होते, आणि पुढचं भजं उचललं होतं.

कॉम्प्युटर घरी गेल्याला आठवडा होतो न होतो तोच भाग्यश्रीचा फोन आला. आवाज शांत होता. रडून झाल्यावर येतो तसा शांत. "दादा, मोठी फाइल चालवली की मशीन बंद पडतंय. सकाळपासून असंच चाललंय. रविवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण असेंब्ली, सगळे भाग जोडलेलं डिझाइन, पाठवायची आहे. नाही गेली तर ते मला ठेवणार नाहीत."

धम्मरत्न त्याच दुपारी नेहरूनगरला गेला. जिना चढता चढता हवा जड होत गेली आणि वरच्या खोलीत तर ती हाताने बाजूला सारावी अशी झाली होती. भाग्यश्री ओला रुमाल मानेवर टाकून बसली होती. तिच्या आई सरूबाई खाली फरशीवर बसून लसूण सोलत होत्या. टेबलाखाली ते काळं कॅबिनेट घरघरत होतं. धम्मरत्नने वरच्या पत्र्याला हात लावला आणि लगेच काढला. पुढून हवा आत, मागून हवा आत, वर पट्टी. बाहेर जायला वाट म्हणून नव्हती. आत कोंडलेली उष्णता त्या डब्यात उभी होती.

त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला. "मागचा पंखा फिरवतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," भाग्यश्री म्हणाली. "काका रोज येऊन पिवळी रेघ बघतात. टॉर्च लावून. परवा मी नुसता पुसायला कपडा लावला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला."

"पण का? हे काय खूळ आहे यांचं?"

भाग्यश्रीने आईकडे बघितलं. सरूबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"आमचे हे आणि मारुतराव, दोघं एका पाळीला," त्या म्हणाल्या. "भिवा आणि मारुतराव. कंपनीत जोडीनंच हाक मारायचे. तिथं जमिनीखाली सांडपाण्याची टाकी व्हती. ती साफ करायला एकानं आत उतरायचं, एकानं वर तोंडाशी दोरी धरून बसायचं. आतल्यानं मधून मधून लोखंडी शिडीवर पान्हा आपटायचा. ठक. म्हंजे मी ठीक हाय. ठक थांबली, की वरच्यानं दोरी ओढायची आणि माणसाला बाहेर काढायचं. आळीपाळीनं उतरायचे दोघं. त्या दिवशी पाळी मारुतरावांची व्हती."

"मग?"

"एकादशी व्हती ना. मारुतरावांचा उपास. उपाशी पोटी टाकीत उतरायचं न्हाई, हे आमच्या ह्यांचं म्हणणं. म्हणाले, तुम्ही तुमचा इठ्ठल सांभाळा, मी टाकी सांभाळतो. आणि उतरले."

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत गेला. सरूबाई तो आवाज लांब जाईपर्यंत थांबल्या.

"हवेसाठी पंखा लावला व्हता की. आतली घाण हवा ओढून बाहेर टाकणारा. त्याचा पाइप पार तळाला सोडायचा असतो. तो सरकून वर तोंडापाशी आला. मग काय, वरून चांगली हवा आत जायची आणि तिथल्या तिथं पंखा ती ओढून घ्यायचा. खाली कायबी पोचलं न्हाई."

"आणि ठक?" धम्मरत्नने विचारलं.

"ठक येत व्हती. तेच तर. ठक येतीय म्हणून मारुतराव दोरी धरून निवांत बसले. हसून बोलत व्हते म्हणे वरून. नंतर साहेबांनी बघितलं तर पाइपाची लोखंडी पट्टी सुटली व्हती, ती हालून हालून शिडीवर आपटत व्हती. हे कधीचेच पडले व्हते खाली." त्यांनी पदराने हात पुसले. "कुणी बोललं न्हाई मारुतरावांना. मी बी न्हाई. पण त्यांना कोण सांगणार."

धम्मरत्न फरशीकडे बघत बसला. त्याला काउंटरवरची ती ठक आठवली. आपण गंमत म्हणून दिलेलं उत्तर आठवलं. एकादशीची भजी आठवली. पुलाखाली जमवलेल्या त्या सगळ्या गोष्टी, ज्या सांगून त्याने चहावाल्याला हसवून हसवून गार केलं होतं, त्या एकेक करून परत आल्या आणि खोलीत उभ्या राहिल्या. भूतबीत काही नसतं, हे त्याला शाळेत घालण्याआधी शिकवलेलं होतं. आणि तरी टेबलाखालच्या त्या घरघरणाऱ्या डब्याकडे पाठ करून बसणं त्याला जमेना.

"रविवारी सकाळी त्यांना बोलवा," शेवटी तो म्हणाला. "त्यांच्याच हाताने फिरवू."

रविवारी मारुतराव आले. विमलबाईंनी दिलेलं आंब्याचं लोणचं आणलं, दाराच्या चौकटीवर ठक केली, आतून भाग्यश्रीने ठक दिली, मग आत आले. टॉर्च काढून पिवळ्या रेघा बघितल्या. रेघा शाबूत होत्या. मग धम्मरत्नला बघून त्यांना कळलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"भावजी, बसा तरी," सरूबाई म्हणाल्या.

"वहिनी, दुसरं कायबी सांगा."

"दुसरं काय सांगू? भजी खा सांगू? ती तुम्ही न सांगता खाता."

मारुतराव बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय त्यांचं डोकं फार लहान दिसत होतं.

"पोरीचं काम आज संध्याकाळी जायचंय," सरूबाई म्हणाल्या. "मशीन तापून बंद पडतंय. तुम्ही हौसेनं आणलं, मी शब्द बोलले न्हाई. पण आता तिची नोकरी तुमच्या त्या पंख्यापायी जाणार. आमचे हे असते तर काय म्हणाले असते?"

"शिव्या घातल्या असत्या."

"मग मी घालू का? मला बी येत्यात. त्यांच्याकडूनच शिकले."

मारुतरावांनी गुडघ्यावरची टोपी खाली फरशीवर ठेवली. मग त्यांनी धम्मरत्नपुढे हात पसरला. धम्मरत्नने त्या हातावर स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

पिवळ्या रेघा एकेक करून तुटल्या. मारुतरावांचा हात सराईत होता, पण प्रत्येक स्क्रू काढल्यावर ते क्षणभर थांबत, कान देत. पंखा निघाला, फिरला, परत बसला. वरची पट्टी त्यांनी स्वतः सोलून काढली. मशीन सुरू झालं. धम्मरत्नने खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि त्यांच्या हातात दिली. या वेळी त्यात चेष्टा नव्हती. धूर जाळीतून आत गेला, आत दिसेनासा झाला, आणि मागून पातळ होऊन बाहेर आला.

मारुतरावांनी मागच्या जाळीपाशी तळवा धरला. धरून ठेवला.

"गरम हाय," ते म्हणाले.

"आतली गरमी आहे काका. बाहेर येतेय."

"माणसाच्या तोंडाशी हात धरल्यावर लागतं, तसं हाय."

भाग्यश्रीने मोठी फाइल चालवायला घेतली. पंखे चढले. वरचा पत्रा कोमट राहिला, तापला नाही. सरूबाईंनी चहा टाकला. धम्मरत्नने लोणावळा गाडीच्या गार्डची गोष्ट सांगितली आणि मारुतराव चक्क हसले, म्हणाले, "गार्ड न्हाई, डायवर व्हता." कामाची रेघ स्क्रीनवर हळूहळू भरत चालली होती. भाग्यश्रीने मानेवरचा रुमाल काढून ठेवला.

तेव्हा कॅबिनेटमधून ठक आली.

एकदाच. पत्र्यावर लोखंड टेकावं तशी. धम्मरत्नने ती ऐकली. भाग्यश्रीनेही ऐकली, तिने मान वर केली. सरूबाईंच्या हातातलं गाळणं कपावर तसंच राहिलं. मारुतरावांच्या चेहऱ्यावरून सगळं निघून गेलं. ते ऐकत राहिले. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं ते कशाची वाट बघताहेत, आणि त्या क्षणी प्रत्येकजण त्यांच्याबरोबर वाट बघत होता.

परत ठक आली.

"भिवा," मारुतराव म्हणाले. मोठ्याने नाही. ओट्याशी उभ्या माणसाला हाक मारावी तसं.

आणि त्यांनी खाली वाकून वायर दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. भिंतीतून पिन निघाली, पंखे उतरत उतरत थांबले, स्क्रीन काळा झाला, आणि तरी ते ओढत होते. हाताखाली हात घालत, कोपराभोवती गुंडाळत, पाय फरशीला रोवून. कॅबिनेट घासत टेबलाबाहेर आलं आणि वायर त्याच्यातूनही सुटली. धम्मरत्न पुढे व्हायला गेला, पण सरूबाईंनी त्याला हाताने थांबवलं.

वायरचं शेवटचं टोक हातात आलं तेव्हा मारुतराव त्याकडे बघत राहिले. त्याला काही बांधलेलं नव्हतं.

भाग्यश्री खुर्चीवरून उठली आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसली. चालू फाइल अर्ध्यात तुटून तिचं सगळं काम त्या काळ्या स्क्रीनमध्ये गेलं होतं, हे तिला आणि धम्मरत्नला दोघांनाच माहीत होतं. तिने त्यांच्या गुडघ्यावर एकदा बोटाने ठक केलं.

"काका, मी बाहेर आहे," ती म्हणाली.

मारुतरावांनी मान हलवली. मग कोपराभोवतीची वायर एक एक वेढा सोडवून तिच्या हातात दिली, आणि टोपी शोधायला लागले. टोपी त्यांच्या मांडीखाली चेपली होती.

ते गेल्यावर धम्मरत्नने कॅबिनेट उघडलं. एखादी वायर पंख्याच्या पात्याला लागत असणार, एखादा स्क्रू आत पडला असणार, त्याला खात्री होती. सगळ्या वायरी बांधलेल्या होत्या. स्क्रू सगळे जागेवर होते. त्याने कॅबिनेट उचलून हलवलं, आडवं केलं, पंखे बोटाने फिरवून बघितले. मशीन परत सुरू केलं आणि पत्र्याला कान लावून बसला. सावकाश हवा जात होती, येत होती. बाकी काही नाही.

"काय व्हतं?" सरूबाईंनी विचारलं.

"वायर लागत होती पंख्याला," धम्मरत्न म्हणाला. "बांधली आता."

सरूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि गार झालेला चहा परत गॅसवर ठेवला.

पुलाखाली त्या रविवारची गोष्ट धम्मरत्नने कुणाला सांगितली नाही. चहावाल्याने विचारलं, तुझे ते उदबत्तीवाले काका काय म्हणतात, तर म्हणाला, बरे आहेत. दुकानात माल लावताना पत्र्याचा डबा पत्र्याच्या डब्यावर आपटला की तो थांबायचा, आणि मग पुढचा डबा मुद्दाम जोरात ठेवायचा.

भाग्यश्रीने काम पुन्हा केलं. मशीन एकदाही बंद पडलं नाही. फाइल सोमवारी दुपारी गेली, म्हणजे उशिरा गेली. पण त्याने काही बिघडलं नाही. हिंजवडीच्या त्या कंपनीने त्याच आठवड्यात डिझाइनचा विभागच बंद केला आणि आलेल्या फाइली कुणी उघडल्याच नाहीत. भाग्यश्री आता भोसरीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. कॉम्प्युटरवर सरूबाई दुपारी मालिका बघतात, आणि तेवढ्या कामाला तो तापत नाही.